इसायचं झबलं

विनिपेगहून निघताना अंगात घातलेला लोकरीचा स्वेटर फिलिपिन्समधल्या आपल्या गावी, गिंबालला, पोचल्यापासून खुंटीला लटकत होता. शनिवारी पहाटे, उजाडायच्या आधी, फ्लोराबेलने तो पुन्हा अंगात चढवला. चढवल्या चढवल्या पाठीवरून घामाचा ओघळ खाली सरकला.

"गळ्यापर्यंत ओढ की," बॉयेट म्हणाला. "तिकडे बर्फ पडतंय ना? मग थंडी वाजल्यासारखं तोंड कर जरा."

"कसं करतात थंडी वाजल्यासारखं तोंड?"

"मला काय विचारतेस, नांग बेल? मी थंडी बघितली ती फ्रीजचं दार उघडून!"

बॉयेट तिचा धाकटा चुलतभाऊ, तिला नांग म्हणजे ताई म्हणायचा. बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे तारा, वायफाय आणि लबाडी या तिन्ही खात्यांचा कारभार आपसूक त्याच्याकडे आला होता. मागच्या खोलीत त्याने टेबल मांडलं होतं. बांबूच्या तट्ट्याची भिंत दिसू नये म्हणून तिच्यावर गोधडी ताणून बसवली होती, वर संतांचं कॅलेंडर होतं ते काढून पलंगाखाली सारलं होतं. लॅपटॉपच्या बाजूला लुसिंगवहिनीची शिवणाची कात्री ठेवली होती आणि कात्रीशेजारी फ्लोराबेलचं कॅनडातलं रहिवासी कार्ड.

पलीकडच्या खोलीत नानाय, फ्लोराबेलची आई, होती. पांढऱ्या पेटीत, काचेच्या झाकणाखाली, जांभळट फुलांच्या झग्यात. डोक्याशी दोन दिवे, पायाशी फुलांची चक्रं. अंगणात ताडपत्रीखाली पत्ते खेळणारी मंडळी बसली होती. मेलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही म्हणून रोज कोणी ना कोणी जागायला यायचं, पत्ते कुटायचं, बिस्किटं खायचं, हसायचंसुद्धा. पण आज सगळे चिडीचूप होते. आज बेलची कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ आहे आणि ती विनिपेगमध्ये आहे असं दाखवायचंय, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

"कोंबडे?" तिने विचारलं.

"नोंग तेबानने सगळे टोपल्यांखाली घातलेत. वर पोती, पोत्यांवर चादरी. त्यांना वाटतंय अजून मध्यरात्रच आहे."

नोंग म्हणजे दादा; तेबान तिचा थोरला भाऊ. झुंजीचे कोंबडे पाळायचा. बायकोपेक्षा कोंबड्यांना जास्त जपतो असं त्याची बायको लुसिंग चारचौघांत सांगायची, आणि तो नाकारायचा नाही. त्याच तेबानने आज आपल्या हाताने त्यांचा श्वास कोंडला होता.

विनिपेगमध्ये अजून शुक्रवारची दुपार होती. शपथ पडद्यावरच व्हायची होती; घरी बसून, हात वर करून, समोरच्याच्या मागे मागे म्हणायची. हल्ली तशीच होते. अट एकच. शपथ घेताना माणूस कॅनडात पाहिजे.

आणि फ्लोराबेल नव्हती.

*

चूक तशी साधी होती. विनिपेगच्या त्यांच्या चर्चमधल्या निम्म्या बायकांनी ती केली असेल, फक्त त्यांची निभावून गेली. कार्डाची मुदत संपत आली तेव्हा नागरिकत्वाचा अर्ज कधीच आत गेला होता, परीक्षाही झाली होती. प्रार्थनेनंतर तळघरातल्या हॉलमध्ये नूडल्स वाढता वाढता सगळ्या एका सुरात म्हणाल्या होत्या, "अगं, नागरिकत्व दारात उभं आहे आणि तू कार्ड नवीन करत बसतेस? महिन्यात ते कापून टाकायला सांगतील. त्या पैशांत पोरीला बर्फातले बूट घे." फ्लोराबेलला ते पटलं. बूट घेतले. लाल, मांजराच्या तोंडाचे. इसायला अजून चालता येत नव्हतं, तरी घेतले.

मग तेबानचा फोन आला.

"नानाय गेली, बेल."

तेबानच पुढे म्हणाला, "पुरणार नाही आम्ही. तू ये. तू येईपर्यंत ती इथेच आहे."

असं कोणी म्हटल्यावर न जाऊन कसं चालेल? परदेशातल्या लेकरासाठी त्यांच्याकडे प्रेत थांबवून ठेवतात. आठवडा, दोन आठवडे, कधी त्याहून जास्त. मेलेली माणसं वाट बघतात यात कोणाला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते न येणाऱ्याचं.

इसाय नऊ महिन्यांची. तिचा कान सुजला होता. डॉक्टरने विमान नको म्हणून बजावलं होतं. "दहा दिवसांचा तर प्रश्न आहे," फ्लोराबेल नवऱ्याला, रोडेलला, म्हणाली. फ्रीजरमध्ये दुधाच्या पिशव्या रचून ठेवल्या, प्रत्येकीवर तारीख घातली. निघताना इसायच्या अंगातलं झबलं काढून, न धुता, तसंच प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर घेतलं. हॉस्पिटलात काम करणाऱ्या एका मैत्रिणीने सांगितलं होतं, दूध काढताना लेकराचा वास घे, म्हणजे दूध उतरतं.

विमानतळावर रोडेलने विचारलं होतं, "कार्ड?"

"जाताना कोण विचारतंय!"

"आणि येताना?"

"तोवर शपथेची तारीख येते की नाही बघ तू."

तारीख खरंच आली. ती इलोइलोला उतरली, फोन सुरू केला आणि मेल येऊन पडलेला. लुसिंगने पेटीसमोर गुडघे टेकून जाहीर करून टाकलं की हा नानायचा पहिला चमत्कार. पत्तेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मग फ्लोराबेलने विमान कंपनीला फोन लावला तेव्हा कुठे कळलं की मुदत संपलेल्या कार्डावर तिला परतीच्या विमानात चढू देणार नाहीत. शपथेचं बोलावणं दाखवलं तरी नाही. परत येण्याचा वेगळा परवाना काढावा लागेल. कागद मनीलाला पाठवा. पाठवले. किती दिवस? सांगता येत नाही. साधारण किती? सांगता येत नाही, बाई.

"तारीख पुढे ढकलून मागू या," रोडेल फोनवर म्हणाला.

"ढकलली आणि विसरले तर?"

"आणि खोटं बोललीस आणि सापडलीस तर?"

त्यावर बॉयेटकडे उत्तर होतं. बॉयेटकडे सगळ्यावर उत्तर असायचं. "रहिवासी म्हणजे पाहुणा. पाहुण्याला रांगेत उभं करतात. नागरिक झालीस की घरची झालीस. घरचं माणूस बाहेर अडकलं तर सरकार पळत येतं. एकदा 'हो' म्हण, हात वर कर, आणि दुसऱ्या दिवशी मनीलाच्या वकिलातीत जाऊन टेबलावर थाप मार, म्हणावं, काढा माझा पासपोर्ट."

हे कितपत खरं आहे हे बॉयेटला माहीत नव्हतं आणि फ्लोराबेललाही नव्हतं. पण फ्रीजरमधल्या पिशव्या संपल्या होत्या. इसाय बाटली तोंडात धरायची, चावायची, थुंकून टाकायची. रोडेल मांसाच्या कारखान्यात रात्रपाळीला होता. आता बिनपगारी घरी बसला होता. कालच्या फोनवर त्याचा आवाज एकदम पातळ झाला होता. "भाताची पेज चाटली दोन चमचे," तो म्हणाला. "मग दाराकडे बघत बसली, बेल. रडली पण नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं मला."

आणि इकडे फ्लोराबेल झबलं नाकाशी धरून वाटीत दूध काढायची. लुसिंग ती वाटी नेऊन केळीच्या बुंध्याशी ओतायची, कारण दुसरं करायचं तरी काय. आल्या दिवशी वाटी काठोकाठ भरली होती. काल संध्याकाळी जेमतेम तळ झाकला.

म्हणून ती आज स्वेटर घालून बसली होती.

*

पडद्यावर कितीतरी चौकोन उघडले. कोणी कोट घातलेला, कोणी फेटा बांधलेला, एका आजीने डोक्यावर छोटा झेंडा खोचलेला. सगळ्यांच्या मागच्या खिडक्यांतून पांढरा उजेड येत होता. फ्लोराबेलच्या मागे गोधडी होती आणि गोधडीमागे अंधारातली केळ.

"हस," पलंगाआडून बॉयेट कुजबुजला. "आनंदाचा दिवस आहे तुझा."

मग तिला एकटीला वेगळ्या खोलीत घेतलं. खोली म्हणजे काय, बाकीचे चौकोन गेले आणि एकच राहिला. त्यात पिकल्या केसांची एक बाई. गळ्यात साखळीला चष्मा. मागे झेंडा.

"नमस्कार. फ्लोराबेल गुमबान?"

"हो."

"आवाज येतोय ना नीट? छान. आधी ओळखपत्र बघू या, मग कार्ड."

तिने पासपोर्ट धरला, कार्ड धरलं.

"मुदत संपलेली दिसतेय याची," बाई म्हणाली, आणि हसली. "असू दे. आजनंतर लागायचंच नाहीये ते तुम्हाला. कात्री आहे जवळ?"

"आहे."

"एक-दोन प्रश्न विचारते, मग माझ्यासमोर कापायचं. लोकांना तेच फार आवडतं बघा. काही जण तर व्हिडिओ काढतात." बाईने चष्मा नाकावर चढवला. "तुम्ही या क्षणी कॅनडात आहात ना?"

या 'हो'ची बॉयेटने तिच्याकडून तालीम करून घेतली होती. फार पटकन म्हणायचं नाही, फार थांबायचंही नाही. चहा घेणार का विचारल्यावर म्हणतो तसं म्हणायचं. फ्लोराबेलने ओठ उघडले.

आणि पलीकडे तोतो रडला.

तोतो हा बॉयेटचा मुलगा. आठ महिन्यांचा. त्याची आई तो चार महिन्यांचा असताना कुवेतला एका घरी कामाला गेली. तेव्हापासून तो लुसिंगच्या कडेवर, नाहीतर झोळीत. तेबानने गल्लीतल्या सगळ्या कोंबड्यांची तोंडं बंद केली होती, पण तोतोचा विचार कोणाच्या डोक्यात आलाच नव्हता. आधी एक कुरकुर, मग श्वास ओढून घेतल्याचा आवाज, मग जी किंकाळी फुटली ती तट्ट्याच्या भिंतीतून आरपार आली.

फ्लोराबेलच्या छातीत कळ उठली. बाळ कोणाचं आहे हे दुधाला कळत नाही. कालपासून रुसून बसलेलं दूध एकाएकी सुटलं आणि लोकरीतून बाहेर झिरपायला लागलं. तिने दोन्ही हात छातीवर दाबून धरले.

पडद्यावरच्या बाईचा चेहरा एकदम निवळला.

"बाळ आहे का? किती महिन्यांचं?"

"नऊ," फ्लोराबेल म्हणाली. ते खरं होतं, फक्त रडणाऱ्या बाळाबद्दल नव्हतं.

"अहो, मग आणा ना आत! रडू कशाला देता? मी थांबते. शपथेला मांडीवर लेकरू असलं की मलाच बरं वाटतं."

फ्लोराबेल हलली नाही. पण बॉयेट हलला. तो जमिनीला पोट लावून सरपटत गेला, दाराआड नाहीसा झाला, आणि क्षणभरात टेबलाखालून तोतो वर आला. आधी डोकं, मग लालभडक रडका चेहरा, मग सगळा तोतो, तिच्या मांडीत. खाली बॉयेटची बोटं तिच्या गुडघ्यावर टकटक करत होती. म्हण. म्हण. म्हण.

"किती गोड," बाई म्हणाली. "काय नाव?"

"इसाय."

तोतो रडायचा थांबला. त्याने तिच्या स्वेटरवर नाक घासलं, ओली जागा शोधली आणि लोकरीसकट तोंडात धरली. डोळे मिटून ओढायला लागला.

फ्लोराबेलला पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःचं चित्र दिसत होतं. उबदार गोधडी, स्वेटर घातलेली आई, छातीशी बाळ. इतकं बेमालूम जमून आलं होतं की पाहणाऱ्याला वाटावं, या घराबाहेर नक्की बर्फ पडतंय. तिच्या डोळ्यांना ते खरं वाटलं. हातांना वाटेना. हातांना वजन कळतं. तोतो जड होता, मांड्या दणकट, केसांना खोबरेल तेलाचा वास. इसाय अशी नव्हती. इसायला उचललं की ती आधी हलकी लागायची आणि मग मान टाकली की जड. आणि आता? आता पेज चाटून ती किती उरली असेल? तिच्या जागी हे दुसऱ्याचं लेकरू धरून, तिचं नाव याला देऊन, आपण बसलोय. तिकडे ती दाराकडे बघत असेल.

"गुमबानबाई? ऐकू येतंय का? आपलं ते राहिलं. आत्ता कॅनडात आहात ना तुम्ही?"

गुडघ्यावरची टकटक वाढली.

"हे माझं बाळ नाही," फ्लोराबेल म्हणाली.

"काय म्हणालात?"

"माझं बाळ कॅनडात आहे." तिचा आवाज फाटला. "मी नाही."

टेबलाखालची टकटक थांबली. तोतोच्या चोखण्याचा तेवढा आवाज येत राहिला.

बाईने चष्मा काढला. साखळीवर तो लोंबकळू दिला. "कुठे आहात तुम्ही?"

"घरी. गिंबालला. माझी आई गेली. आज पुरायचंय. पलीकडच्या खोलीत आहे ती." एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "माझी मुलगी बाटली घेत नाही. कार्डाची मुदत संपली म्हणून मला विमानात घेत नाहीत. परवाना येईना. मला वाटलं, शपथ झाली की... मला माहीत नाही मला काय वाटलं."

बाईने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "आई गेल्याचं ऐकून फार वाईट वाटलं."

"हो."

"आज मला तुम्हाला पुढे नेता येणार नाही. कळतंय ना?"

"हो."

"तुम्ही आपणहून सांगितलंत, हे मी लिहिते. परत आलात की कळवा, पुढची तारीख देतील."

"कधी?"

"ते मला सांगता नाही येणार."

हेच. सगळ्यांना हेच सांगता येत नव्हतं. फ्लोराबेलने मान हलवली. बाईने हात पुढे केला, बहुतेक तिला बाहेर काढायचं बटण दाबायला, आणि तो तसाच अधांतरी थांबला.

"ते कार्ड कापू नका बरं," ती म्हणाली. "जपून ठेवा. लागेल तुम्हाला."

मग पडद्यावर फक्त फ्लोराबेल उरली. मागे गोधडी.

*

टेबलाखालून बाहेर आलेला बॉयेट गुडघे झटकत उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"एक 'हो'! एक 'हो' म्हणायला काय सोनं लागत होतं तुझं? मी रात्रभर तारा ओढल्या. नोंगने कोंबडे कोंडले. अख्खी गल्ली मुकी करून बसवली तुझ्यासाठी!"

"बॉयेट..."

"माझ्या बायकोला त्या कुवेतच्या बाईने विचारलं, मूल आहे का? तान्ह्या पोराची आई नको होती त्यांना. नाही म्हणाली ती. एका दमात. मी शेजारी बसलो होतो, हा माझ्या मांडीवर होता. मूल नाही, म्हणाली. आणि तुला साधं..."

तो तिथेच अडखळला. तोतो लोकर चोखून कंटाळला होता आणि आता पुन्हा ओठ काढत होता. बॉयेट त्याच्याकडे बघत राहिला, जणू हे पोर आत्ताच कोणी आणून ठेवलंय.

"तोंड फिरव तिकडे," फ्लोराबेल म्हणाली.

"काय?"

"फिरव म्हटलं ना तोंड."

त्याने फिरवलं. तिने स्वेटर डोक्यावरून ओढून काढला, आतलं ब्लाउज सोडलं आणि तोतोला घेतलं. तो असा तुटून पडला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, दुखण्याने आणि बाकी सगळ्याने.

दारात तेबान आला. बहिणीकडे बघितलं, पाठ करून उभ्या बॉयेटकडे बघितलं, टेबलावरच्या अख्ख्या कार्डाकडे बघितलं. काय झालं ते त्याने विचारलं नाही.

"कोंबडे सोडू?" एवढंच म्हणाला.

"सोड, नोंग."

थोड्या वेळाने अंगणात एक आरवला, मग दुसरा, मग सगळेच. कोंडून ठेवलेली सगळी पहाट त्यांनी एका दमात ओरडून काढली. पत्तेवाले मोठ्याने बोलायला लागले. कोणीतरी कॉफीचं भांडं आपटलं. लुसिंग कात्री न्यायला आली, तिने तोतोला पिताना पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"हे मला पहिल्या दिवशी का सुचलं नाही! इतके दिवस केळीला पाजत होते मी मूर्खासारखी." ती खाली वाकून तोतोच्या पायाला हात लावत म्हणाली, "पिऊ दे गं त्याला. हा ओढतोय तोवर आटायचं नाही. परवाना येईपर्यंत हाच तुझं दूध राखेल."

"आणि नाही आला तर?"

लुसिंगने कात्री घेतली आणि ती गेली.

फ्लोराबेलने एका हाताने रोडेलला फोन लावला. तो पहिल्याच घंटीला बोलला.

"झालं?"

"नाही म्हणाले मी."

पलीकडे इसाय काहीतरी आपटत होती, ठक ठक, बहुतेक चमचा.

"रागव ना," ती म्हणाली.

"मी केक आणून ठेवलाय," रोडेल म्हणाला. "वर झेंडा काढून घेतला त्यांच्याकडून. लाल क्रीमचा."

"खा मग."

"एकटा?" मग बराच वेळ ठक ठक. "बेल, आज ती हाका मारायला लागलीय. मा, मा, मा. कपाटालाही मारते. कोणाला मारते कळत नाही."

फ्लोराबेलने फोन कानाशी इतका दाबला की कान दुखला. तोतोने दुसरी बाजू मागितली. तिने ती दिली.

*

पेटी बंद करण्याआधी लुसिंगने नानायच्या बोटांत गुंफलेली जपमाळ कात्रीने कापली. मेलेल्या माणसाने पाठोपाठ कोणाला ओढून नेऊ नये म्हणून कापतात. खट् असा बारीक आवाज झाला. फ्लोराबेल काचेपासून लांब उभी होती. काचेवर अश्रू पडू द्यायचे नसतात आणि आज तिचा स्वतःवर भरवसा नव्हता.

स्मशान समुद्राच्या बाजूला होतं. सिमेंटच्या कोनाड्यापुढे दोन बाकड्यांवर पेटी ठेवली. पाद्रीबाबांचं झालं, तसा तेबान पेटीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. इकडे लुसिंग. आता पोरांची पाळी होती. घरातलं प्रत्येक लहान मूल पेटीवरून उचलून पलीकडे द्यायचं, म्हणजे आजी त्यांच्या स्वप्नांत येऊन बसत नाही, आणि पोरंही झुरत नाहीत. लुसिंग एकेकाला काखेत धरून उचलायची, नाव घ्यायची, आणि तेबान पलीकडे झेलायचा. तेबानचा धाकटा पाय झाडत गेला. शेजारच्या दोघी हसत गेल्या. तोतो दूध पिऊन सुस्त झाला होता; तो झोपेतच पलीकडे पोचला.

"झाली सगळी?" लुसिंगने विचारलं.

"इसाय राहिली," फ्लोराबेल म्हणाली.

नानायने इसायला कधी हातात घेतलं नव्हतं. फोनवर बघायची, काचेवरून बोट फिरवायची, आणि दर वेळी बोट लागून फोन बंद व्हायचा. मग तेबानच्या नावाने ओरडायची, नात गेली, परत आण.

फ्लोराबेलने पिशवीतून झबलं काढलं. पिवळं, बगलेत दुधाचा डाग पडलेलं. ती पेटीजवळ आली. तिने ते दोन्ही हातांनी धरलं, एक हात मानेखाली, एक खाली, जसं मान न धरणाऱ्या तान्ह्याला धरतात. इसाय केव्हाच मान धरायला लागली होती, पण हातांनी आपलं तसंच धरलं. उचललं. फुलांवरून, पांढऱ्या झाकणावरून तिने ते पुढे नेलं.

"इसाय," लुसिंग मोठ्याने म्हणाली, बाकीच्यांची नावं घेतली तशीच.

पलीकडे तेबानने हात पुढे केले. झुंजीचे कोंबडे धरणारे, नखांचे ओरखडे उमटलेले हात. त्याने झबलं ओंजळीत घेतलं, मानेची बाजू जपून, छातीशी धरलं. जरासं थोपटलंही.

"आली," तो म्हणाला. "आली पलीकडे."

मग चौघांनी पेटी उचलून कोनाड्यात सरकवली. गवंड्याने विटा लावायला घेतल्या. बॉयेट फोन वर धरून मनीलाहून काही मेल आलाय का बघत होता; फ्लोराबेलने विचारलं नाही आणि त्याने नाही अशी मान हलवलेली तिला दिसली.

तेबानने झबलं तिला परत आणून दिलं. तिने ते नाकाशी धरलं. मेणबत्तीचा वास आला, शेवंतीचा आला, भावाच्या तळहातांचा आला. इसायचा येईना. तिने बाही हुंगली, गळा हुंगला. शेवटी बगलेतल्या डागापाशी, शिवणीच्या आत, एवढासा सापडला.

तेवढी जागा तिने आत दुमडली आणि मूठ मिटून धरली.